लिखित तारीख आणि संगणक

झाशी जिल्ह्यातील समथर ही पूर्वी एका संस्थानाची राजधानी होती. उत्तर भारतात विक्रम संवत् रूढ, तर महाराष्ट्रात शालिवाहन शक. एखाद्या जुन्या कागदावर नुसता ‘१८७९’ हा आकडा आढळला, तर तो संवत् मानल्यास इ. स. १८२२-२३ हे वर्ष येते आणि शक मानल्यास १९५७-५८. अक्षरे तीच, अंतर मात्र १३५ वर्षांचे!

संगणकापुढेही हीच अडचण असते. ‘०५-०४-१९७५’ ही त्याच्या दृष्टीने केवळ चिन्हांची माळ होय. तीतून दिवस, महिना व वर्ष निवडून त्यांची एक संख्या करावी लागते. पुष्कळ प्रणालींत ही संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद होत. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने तेवढे अंतर वजा करावे लागते.

महिना प्रथम वाचणाऱ्या संगणकाला ‘१३-०४’ दिल्यास तेरावा महिना नसल्यामुळे चूक तत्काळ उघडकीस येते. ‘०५-०४’ मात्र ५ एप्रिल की ४ मे, हे न कळताच चुकीचे उत्तर बिनबोभाट पुढे जाते. म्हणून कालगणना, अंकांचा क्रम व प्रमाणवेळ ही संगणकास आधीच स्पष्ट सांगावी लागतात.