कॅज्युअल्टीचा डॉक्टर आपल्या घरातून घडावा

भोसरी, तळवडे, चाकण. पॉवर प्रेसखाली बोट गेलेले हात आपल्या वस्त्यांना नवे नाहीत. रात्रपाळीला असे घडले की पहिली गाठ पडते ती कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरशी. पूर्वी तिथे ज्याची ड्युटी असेल तो उभा असे, बऱ्याचदा नवखा इंटर्न. तातडीच्या उपचारांचा, म्हणजे इमर्जन्सी मेडिसिनचा, स्वतंत्र विषय आपल्या देशात मान्य झाला तो २००९ साली. एवढ्या कारखान्यांच्या देशात फारच उशिरा, असे आम्हाला वाटते.

हा डॉक्टर शिकतो काय? आधी रोगाचे नाव शोधत बसायचे नाही. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, रक्त कुठून जाते आहे, हे त्याच क्रमाने पाहायचे. एकाच वेळी दहा जखमी आले तर लाल, पिवळा, हिरवा अशी विभागणी करायची. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो पहिला नसतो. गप्प पडलेला बहुधा जास्त धोक्यात असतो. आपल्याला रांग मोडल्यासारखी वाटते, तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेले असते.

त्याच्यापर्यंत पोचण्याआधीचे काम मात्र आपले आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरा. हळद, चहापूड, ग्रीस काही लावू नका. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते बर्फानेच खराब होते. १०८ ला फोन करा. ही मोफत सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो.

आता आपल्या मुलामुलींविषयी. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाली की घरात एकच प्रश्न सुरू होतो, ‘आता पगार कधी?’ त्यात चूक काही नाही; कर्ज आपणच काढलेले असते. पण तज्ज्ञ व्हायचे तर ‘नीट पीजी’ द्यावी लागते. दोनशे प्रश्न, आठशे गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. इमर्जन्सी मेडिसिनसाठी वेगळी परीक्षा नाही. एमडी असो वा डीएनबी, दोन्हींना हीच परीक्षा आणि पुढे तीन वर्षे. त्या काळात निवासी डॉक्टरला दरमहा विद्यावेतन मिळते, हे आईवडिलांना कुणीतरी सांगायला हवे. इंटर्नशिप करतानाच कॅज्युअल्टीची पाळी मन लावून केली तर तिथला रुग्ण पुस्तकातल्या प्रश्नात पुन्हा भेटतो. आपल्या पिंपरीत संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात महापालिकेची पदव्युत्तर संस्था आहे. तिथे शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना गाठून विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

खरी अडचण कागदांची. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. तिथे अनुसूचित जातींना १५ टक्के, तर राज्याच्या कोट्यात १३ टक्के आरक्षण आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही ही सवलत मिळाली. पण केंद्राच्या यादीत ‘नवबौद्ध’ नावाची जात नाही. त्यामुळे दाखल्यावर नुसते ‘नवबौद्ध’ असून भागत नाही. मूळ जात आणि बौद्ध धर्म, दोन्ही नोंदलेला केंद्रीय नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. राज्याच्या जागेसाठी जातवैधता लागतेच. आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यात महिने जातात आणि कौन्सेलिंगची मुदत थोड्या दिवसांची असते. म्हणून हे काम निकालानंतर नको, इंटर्नशिप लागली त्याच महिन्यात तहसील कचेरीत अर्ज टाका.

आणखी एक. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांच्या मुलांसाठी ईएसआयसीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या काही जागा राखीव असतात. बारावीत मूल असेल तर पगाराची पावती आणि विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या कार्यालयात एकदा चौकशी करून या.