मोबाइलवरील लिनक्स

लिनक्ससाठी लिहिलेल्या मुक्तस्रोत आज्ञावली मोबाइल फोनवर चालविण्याच्या पद्धती आणि त्यांत उद्‌भवणाऱ्या दोषांचे निवारण, असा या विषयाचा आवाका आहे. जिचा मूळ पाठ कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो ती आज्ञावली मुक्तस्रोत होय. ज्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक नाही पण मोबाइल आहे, त्याला पायथॉनसारखी भाषा शिकणे, मजकुरावर प्रक्रिया करणे किंवा लहानसे संकेतस्थळ चालवून पाहणे यामुळे वेगळा खर्च न करता जमते. मराठवाड्यासारख्या भागात या विषयाला हौसेपलीकडचे महत्त्व आहे ते यामुळेच.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत असताना १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. २००८ पासून बाजारात आलेल्या अँड्रॉइड फोनांतही फेरफारांसह हाच गाभा असतो. तेव्हा फोनवर लिनक्स आधीपासूनच आहे, हे म्हणणे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. नेहमीच्या लिनक्समधील आज्ञावली ठरावीक फोल्डरांत राहतात व बहुधा जीलिबसी या पायाभूत संग्रहावर विसंबतात. अँड्रॉइडमध्ये त्या जागी बायोनिक हा निराळा संग्रह असतो. शिवाय प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानून त्याच्यापुरत्या जागेत कोंडलेले असते. पुढे वर्णिलेल्या बहुतेक दोषांचे मूळ या फरकात आहे.

पद्धती : सर्वांत सोपी पद्धत टर्मक्स या ॲपची. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात लिनक्सवरील आज्ञावली बायोनिकसाठी पुन्हा बांधून दिल्या जातात. फोनचे सर्वाधिकार मिळवावे लागत नाहीत. डेबियन किंवा उबुंटू यांसारखी संपूर्ण वितरणे हवी असल्यास त्यातच प्रूट वापरतात. आज्ञावली गाभ्याकडे जी मागणी करते ती प्रूट मध्येच अडवते आणि तिच्यातील फाइलचा पत्ता बदलून पुढे पाठवते. त्यामुळे काम होते, पण वेग मंदावतो. मार्च २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनांवर डेबियन आभासी यंत्रात चालविण्याची सोय दिली. ही रचना अधिक शुद्ध आहे, मात्र स्वस्त फोनांवर तिची अपेक्षा धरता येत नाही.

अँड्रॉइड पूर्णपणे काढून २०१७ मध्ये जाहीर झालेली पोस्टमार्केटओएस किंवा उबुंटू टच यांसारखी प्रणाली बसविणे हा तिसरा मार्ग. जुना फोन अडगळीत न टाकता वर्षानुवर्षे वापरावा, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. परंतु कॅमेरा, ध्वनी व मोडेम यांचे चालक प्रत्येक फोनागणिक वेगळे असतात आणि अनेकदा त्यांचा मूळ पाठ उपलब्ध नसतो. भारतात आणखी एक अडचण येते. जिओच्या जाळ्यात २जी व ३जी सेवा नाही, त्यामुळे व्होल्टे चालत नसेल तर त्या सिमवरून नेहमीचा दूरध्वनी करताच येत नाही. घरातला एकमेव फोन या प्रयोगास लावू नये.

दोष व निवारण : नवख्याला सर्वाधिक चकविणारा दोष म्हणजे समोर दिसणारी फाइल चालवू जाता ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळणे. येथे बहुधा न सापडणारी वस्तू ती फाइल नसून तिला स्मृतीत चढविणारा जोडक असतो. साध्या लिनक्ससाठी बांधलेली आज्ञावली तो ठरलेल्या जागी शोधते आणि अँड्रॉइडमध्ये ती जागाच नसते. अशी आज्ञावली टर्मक्सच्या भांडारातून घ्यावी, नाहीतर प्रूटमध्ये चालवावी. ‘रचना चुकीची’ अशा अर्थाचा संदेश आल्यास ती इंटेल जातीच्या प्रक्रियकासाठी बांधलेली असण्याचा संभव असतो. बहुतेक फोनांत एआरएम प्रक्रियक असतो. सामायिक साठ्यात, म्हणजे छायाचित्रे असतात त्या जागी, ठेवलेली आज्ञावली परवानगीअभावी चालत नाही. ती टर्मक्सच्या स्वतःच्या जागेत हलवावी. संग्रह जुळत नसल्याची तक्रार आली तर एकच आज्ञावली पुन्हा बसविण्यात अर्थ नसतो, सर्व संच एकदम अद्ययावत करावा.

चालू काम अचानक बंद पडून ‘सिग्नल ९’ दिसल्यास आज्ञावलीत चूक शोधत बसू नये. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून सर्व ॲपांच्या मिळून ३२ हून अधिक उपप्रक्रिया झाल्या की प्रणाली त्यांतील काही मारून टाकते. अँड्रॉइड १४ मध्ये विकसकांसाठीच्या पर्यायांतून हे बंधन उठविता येते. बॅटरी वाचविण्याच्या सोयीमुळेही असेच घडते. टर्मक्सला त्यातून वगळावे.

मराठी मजकूर : छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंत औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात मराठी उच्चारांच्या संगणकीय ओळखीवर संशोधन झालेले आहे. अशा कामाची पहिली पायरी, म्हणजे मराठी मजकूर साठविणे, मोजणे व शोधणे, फोनवरही गिरविता येते. तेथे प्रथम दिसते ते फुटलेले जोडाक्षर. टर्मक्सचा पडदा समान चौकटींत विभागलेला असून देवनागरीची अक्षरे चौकटीत मावत नाहीत. दिसण्यात बिघाड असला तरी फाइल सहसा शाबूत असते. खात्रीसाठी ‘मराठी’ हा शब्द मोजून पाहावा. यूटीएफ-८ मध्ये त्याचे ५ वर्ण व १५ बाइट होतात. वर्णसंख्याही १५ आली, तर भाषासंकेत ठरविलेला नाही असे समजावे. प्रूटमधील डेबियनमध्ये हे घडू शकते.

याहून सूक्ष्म दोष ‘दऱ्या’ या शब्दात आढळतो. त्यातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो : नुक्तायुक्त र व हलन्त, किंवा साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच असले तरी यंत्राच्या लेखी ते भिन्न शब्द आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. त्यामुळे डोळ्यांसमोरचा शब्द शोधात सापडत नाही. म्हणून शोधापूर्वी सर्व मजकुरातील एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावे लागते.