‘येतो’ म्हणत निघणारी भाषा

आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. काचेची बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतो. साहेब ‘बघू या’ म्हणाले, की बहुतेक वेळा ते ‘नाही’ असतं. हे शब्दकोशात वाचून कुणी शिकत नाही. ऐकता ऐकता आपसूक अंगवळणी पडतं. पण काही माणसं शब्दाचा अर्थ शब्दातच शोधतात आणि अशा वाक्यापाशी थबकतात. ऑटिस्टिक माणसांपैकी अनेकांचा हा रोजचा अनुभव असतो. मराठीत आपण त्यांना ‘स्वमग्न’ म्हणतो.

या नावाची गोष्ट चकित करणारी आहे. १९११ साली स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ या ग्रीक शब्दावरून घडवलेला ‘ऑटिझम’ हा शब्द वापरला, तोही स्किझोफ्रेनियाचे रुग्ण जगाकडे पाठ फिरवून आत वळतात त्याबद्दल! १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी वेगळ्याच अकरा मुलांचं वर्णन करताना तो पुन्हा हाती घेतला. मराठीने त्यातला ‘स्व’ उचलला आणि त्याला ‘मग्न’ जोडलं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला जे वाटलं, त्याचंच नाव झालं.

आतून काय दिसतं? २००७ साली अमेरिकेतल्या मेल बॅग्ज यांनी ‘इन माय लँग्वेज’ नावाची एक छोटी चित्रफीत यूट्यूबवर ठेवली. पहिल्या भागात एकही शब्द नाही. गुणगुणणं, हातांची लय, नळाच्या धारेत खेळणारी बोटं. बॅग्ज टंकलेखन करून बोलत. दुसऱ्या भागात संगणकाचा आवाज या सगळ्याचं ‘भाषांतर’ करतो: पाण्यातली बोटं कशाचंही प्रतीक नाहीत, भोवतालच्या प्रत्येक गोष्टीशी चाललेला तो संवाद आहे. मी ती चित्रफीत पाहिली तेव्हा ‘स्वमग्न’ हा शब्द डोळ्यांदेखत उलटा झाला. स्वतःत बुडालेलं माणूस असं नळाच्या धारेला उत्तर देत बसेल का?

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत केरी ओपाई यांनी ऑटिझमसाठी २०१७ मध्ये एक नवा शब्द पुढे आणला: ताकिवातांगा. ‘स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या अवकाशात’ अशा अर्थाच्या शब्दसमूहातून तो घडवला आहे. इथेही ‘स्व’ आहेच, पण तो बुडवणारा नाही, मोकळीक देणारा आहे.

नाव ठरवायचा हक्क कुणाचा, यावर ऑटिस्टिक लोक अनेक वर्षं बोलत आहेत. जिम सिंक्लेअर यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ हे संबोधन त्यांना नको, कारण ऑटिझम माणसापासून सुटा काढता येत नाही. डावखुऱ्या माणसाला आपण तरी कुठे ‘डावखुरेपण असलेली व्यक्ती’ म्हणतो? ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ हे संबोधन आवडणारेही आहेत, म्हणून ज्याचं त्याला विचारावं. आपल्याकडे तर ‘स्वमग्न’ म्हटलं की पुढे ‘मूल’च येतं, चाळिशीतल्या, नोकरी शोधणाऱ्या माणसाला या शब्दात जागाच उरत नाही.

‘यांना दुसऱ्याचं मन कळत नाही’ हा समजही जुनाच. २०१२ मध्ये ब्रिटनचे समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, विचारलं: तुम्हाला तरी आमचं मन कुठे कळतं? गैरसमज दोन्ही बाजूंचा आहे. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासायला, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपल्या कानगोष्टींसारखाच खेळ मांडला. आठ-आठ जणांच्या साखळ्या. पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच शाबूत राहिली. ती जास्त झिजली मिश्र साखळीत. पुढे २०२५ मध्ये अधिक माणसं घेऊन केलेल्या अभ्यासात मिश्र साखळीही मागे पडली नाही. मात्र ऑटिस्टिक माणसं माहिती पोचवण्यात कमी पडतात, असं दोन्ही वेळा दिसलं नाही.

आता मुलाखतीची खोली आठवा. ‘स्वतःबद्दल सांगा.’ किती सांगायचं? कुठून सुरुवात करायची? डोळ्यांत बघायचं, वर ट्यूबलाइट गुणगुणते आहे, आणि काम तर हिशेब तपासण्याचं! इथे हिशेब कुणी तपासायला देतच नाही; नजर आणि हजरजबाबीपणा तपासला जातो. नोकरी लागली, तरी ‘जरा सवडीने कर’ म्हणजे आज की पुढच्या आठवड्यात, हा प्रश्न दिवसभर डोकं पोखरतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नतेला कायद्याच्या यादीत घेतलं. दिव्यांगांसाठीच्या चार टक्के सरकारी जागांमध्ये तिचाही वाटा आहे, आणि वाजवी सोयी करून देणं सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे.

यातल्या काही सोयींना एक रुपयाही लागत नाही. मुलाखत तुम्ही घेणार असाल, तर प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. काम सांगाल ते लिहून द्या, तारखेसह.