डब्यांमागची कार्यकारिणी

जिओकॅशिंग हा उपग्रहांच्या मदतीने खेळायचा शोधाशोधीचा खेळ आहे. एकाने झाकणबंद डबा कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकायचे आणि बाकीच्यांनी मोबाइल किंवा जीपीएस यंत्र घेऊन तो हुडकायचा. डब्यात एक वही असते. डबा सापडला की तिच्यात नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. आतली एखादी चीजवस्तू उचलली, तर तेवढ्याच मोलाची दुसरी टाकायची. खेळ म्हणाल तर एवढाच. पण त्याच्याभोवती देशोदेशी क्लब उभे राहिले आहेत. त्यांच्या निवडून आलेल्या कार्यकारिण्या आहेत, जमीनमालकांशी केलेले करार आहेत आणि दरवर्षी हाती घेतले जाणारे नवे उपक्रमही आहेत. यातले कोणीही पगार घेत नाही.

खेळाचा जन्म नेमका सांगता येतो. नागरी वापराच्या जीपीएस संकेतात अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे मिळालेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. १ मे २००० च्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळ थांबली आणि चूक दहा-वीस मीटरवर आली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबा होता. तीन दिवसांत माइक टीग यांनी ती शोधून काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या डब्यांची नोंद ठेवणारे संकेतस्थळ सुरू केले. सिअ‍ॅटलमधली त्यांची कंपनी आजही ते चालवते आणि १९० हून अधिक देशांतले तीस लाखांवर डबे त्यावर नोंदलेले आहेत. आजच्या नियमांनुसार जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा जमिनीत खड्डा करून पुरता येत नाही आणि त्यात खाण्याची वस्तू ठेवता येत नाही. म्हणजे ज्या बादलीपासून खेळ सुरू झाला ती आज मंजूर झाली नसती.

या व्यवहारात कोणाचे काय, हे आधी पाहायला हवे. संकेतस्थळ कंपनीचे असते. डबा लपवणाऱ्याचा असतो आणि त्याची देखभालही त्यानेच करायची असते. जमीन तिसऱ्याच कोणाची तरी असते. नवा डबा नकाशावर येण्याआधी परीक्षक तो तपासतो. दुसऱ्या डब्यापासून तो किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, दूर आहे का, रेल्वेमार्ग किंवा शाळेसारख्या नाजूक जागेजवळ तर नाही ना, जागेची परवानगी आहे का, हे तो पाहतो. परीक्षकही स्वयंसेवकच असतो, पण त्याची नेमणूक कंपनी करते, क्लब नव्हे. क्लबाला डबा मंजूर करण्याचा, हटवण्याचा किंवा कोणाला खेळातून काढण्याचा अधिकार नाही. खेळण्यासाठी क्लबाचे सभासद असण्याची अटही नाही. त्यामुळे कार्यकारिणीजवळ भांडवल असते ते फक्त विश्वासाचे. जमीनमालक, वन अधिकारी, पोलीस आणि खुद्द खेळाडू या सगळ्यांना ‘ही माणसे जबाबदार आहेत’ असे वाटत राहिले पाहिजे. कार्यकारिणीपुढे आलेला कोणताही नवा उपक्रम जोखायचा तर तो याच कसावर.

हा विश्वास नसला तर काय होते, ते अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्याने २००५ मध्ये दाखवले. दफनभूमी आणि ऐतिहासिक स्थळांवर परवानगीशिवाय जिओकॅशिंग करणे गुन्हा ठरवणारे विधेयक तिथल्या प्रतिनिधिगृहाने मंजूर केले. खेळाडूंना जाग आली तेव्हा निम्मी वाट सरली होती. मग धावाधाव झाली, आमदारांना पत्रे गेली, भेटीगाठी झाल्या आणि विधेयक सिनेटमध्ये अडकले ते अडकलेच. त्याचा कायदा झाला नाही, पण देशभरातल्या क्लबांना धडा मिळाला. सरकारी कचेरीत आपला माणूस ओळखीचा असायला हवा आणि ती ओळख तक्रार येण्याआधीची हवी.

ब्रिटनमध्ये हे काम आधीच सुरू झाले होते. तिथली राष्ट्रीय संघटना २००३ मध्ये स्थापन झाली आणि तिची समिती सभासदांच्या मतदानाने निवडली जाते. जमीनमालकांशी झालेल्या करारांची सूची हा या संघटनेचा सर्वांत उपयोगी उपक्रम म्हणावा लागेल. ब्रिटनमधल्या बहुतेक मोकळ्या जमिनीला धनी असतो. तो कधी एखादी परिषद असतो, कधी वनखाते, कधी एखादा न्यास. प्रत्येक खेळाडूने प्रत्येक डब्यासाठी स्वतंत्र अर्ज करायचा, तर दोन्ही बाजू कंटाळतात. त्याऐवजी समिती मालकाशी एकदाच बोलते. डबे कुठे चालतील, कुठे नाहीत, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात कोणता भाग बंद ठेवायचा, डब्यावर बाहेरून काय लिहायचे, काढून न्या म्हटल्यावर किती दिवसांत न्यायचा, हे ठरते आणि सूचीत नोंदले जाते. नवा खेळाडू ती सूची पाहतो, परीक्षकही पाहतो. दिसायला हे काम रूक्ष आहे. त्याची छायाचित्रे काढावीत असे काही त्यात नसते, पण एका करारातून शेकडो डब्यांची सोय लागते.

करारातली कलमे किती बारकाईने ठरवावी लागतात, त्याचा नमुना म्हणजे दगडी बांधांचा नियम. इंग्लंडच्या उत्तर भागात शेतांभोवती चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून बांध घातलेले असतात, आपल्या कोकणातल्या गडग्यांसारखे. दोन दगडांमधली फट डबा सरकवायला फार सोयीची वाटते. लपवणारा अलगद एक लहान दगड काढतो, डबा ठेवतो आणि दगड परत बसवतो. शोधायला येणाऱ्याला मात्र नेमकी फट ठाऊक नसते. उपग्रहाने दाखवलेली जागा पाच-सात मीटर इकडेतिकडे असते, म्हणून तो तेवढ्या लांबीतले दगड हलवून पाहतो. दुसरा येतो, तिसरा येतो. ज्या लहान दगडांनी मोठ्यांना पाचर बसवलेली असते तेच आधी निघतात, बांध पोट काढतो आणि एका हिवाळ्यात ढासळतो. शेतकऱ्याची मेंढरे रस्त्यावर येतात. एका डब्याचा राग मग सगळ्या खेळावर निघतो. म्हणून अशा बांधात डबा ठेवू नये, असा नियमच संघटनेने करून टाकला.

शहरातली अडचण वेगळी. २०११ मध्ये वेस्ट यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात एक माणूस कॅफेबाहेर खाली वाकून काहीतरी ठेवताना दिसला. पोलिसांना फोन गेला, भर वस्तीतला रस्ता बंद झाला, लष्कराचे बॉम्बनाशक पथक आले आणि त्यांनी तो डबा उडवून दिला. तो जिओकॅशिंगचा होता. अशा प्रसंगांनंतर क्लबांनी पारदर्शक डबे, त्यावर खेळाचे नाव आणि नोंदणी क्रमांक, शक्य तिथे स्थानिक पोलिसांना आगाऊ कल्पना, या गोष्टींचा आग्रह धरायला सुरुवात केली. लपवण्याची गंमत यात थोडी कमी होते हे खरे. पण बॉम्बनाशक पथकाने उडवलेल्या डब्यात गंमत त्याहून कमी असते.

अमेरिकेत सुरुवातीचा मोठा अडथळा उद्यानांचा होता. राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या खात्याने डब्यांना दार बंदच ठेवले होते. राज्यांच्या उद्यानांशी मात्र क्लबांचे जमत गेले. मिनेसोटा राज्यात उद्यान खाते आणि राज्यातला क्लब यांनी मिळून उद्यानांतच शोधमोहिमा आखल्या. प्रत्येक उद्यानात एक डबा, त्यात तिथल्या प्राण्यांची वा इतिहासाची माहिती देणारी कार्डे, आणि ती गोळा करत कुटुंबे एका उद्यानातून दुसऱ्यात जातात. खात्याला पर्यटक मिळाले आणि क्लबाला खात्याची मान्यता. पुढे पर्यटन मंडळांनी हीच कल्पना उचलली आणि गावोगावचे डबे जोडून सहलींचे मार्ग तयार झाले. अमेरिकेतल्या बॉय स्काउट संघटनेनेही २०१० मध्ये जिओकॅशिंगचा गुणवत्ता बिल्ला सुरू केला आणि क्लबांकडे मुलांना शिकवण्याची मागणी येऊ लागली.

जिथे डबा ठेवण्याची मुळीच मुभा नाही, तिथे डब्याविनाच खेळायची सोय २००४ पासून झाली आहे. अमेरिकेतल्या भूविज्ञान संस्थेच्या सहकार्याने सुरू झालेल्या या प्रकारात खेळाडूने एखाद्या भूवैज्ञानिक स्थळी जायचे, खडक पाहायचे, मोजायचे आणि प्रश्नांची उत्तरे पाठवायची. पहिले असे स्थळ ऑस्ट्रेलियात नोंदले गेले.

स्वच्छतेचा उपक्रम त्याहून जुना, २००२ चा. डबे शोधायला जाताना पिशवी न्यायची आणि येताना वाटेवरचा कचरा उचलून आणायचा, ही मूळ कल्पना. आता क्लब ठरवून एका दिवशी एखादी टेकडी किंवा नदीकाठ साफ करतात, झाडे लावतात, पायवाटा दुरुस्त करतात. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात वसंतात गार्लिक मस्टर्ड हे युरोपातून आलेले तण जंगलातली स्थानिक रोपे दडपून टाकते. ते बी धरण्याआधी मुळासकट उपटावे लागते आणि त्याला लागणारे माणसांचे हात क्लब पुरवतात. अशा कामाला वनरक्षक जेवढी किंमत देतो तेवढी कोणत्याही निवेदनाला देत नाही.

मात्र काही कचरा खेळाचाच असतो, आणि त्याबद्दल क्लबांना बोलायला आवडत नाही. कोणी उत्साहात पन्नास डबे लपवतो, दोन वर्षांनी नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जातो. डब्यात पाणी शिरते, वहीचा लगदा होतो, झाकण उंदीर कुरतडतात. तक्रारी साचल्यावर परीक्षक नोंद बंद करतो. नकाशावरून ठिपका जातो, पण झुडपातला प्लास्टिकचा डबा तिथेच राहतो. तो उचलायचा कोणी? कायद्याने आणि नियमाने तो मालकाचा, आणि मालकाचा पत्ता नाही. म्हणून काही क्लब बेवारस डब्यांच्या मोहिमा काढतात. बंद झालेल्या नोंदींची यादी करायची, मालकाला कळवून वाट पाहायची, उत्तर आले नाही तर स्वयंसेवकाने जाऊन डबा काढून आणायचा. चांगल्या जागेवरचा डबा असेल तर मालकाच्या संमतीने तो दुसऱ्याच्या नावावर करून घ्यायचा. नव्या कार्यकारिणीला एकच काम हाती घ्यायचे असेल तर हे घ्यावे, कारण जमीनमालकाने प्रत्यक्ष पाहिलेला डबा बहुधा असाच फुटका, चिखलाने भरलेला असतो.

याउलट मोठे मेळावे. पाचशेहून अधिक लोक जमले तर ‘मेगा’ आणि पाच हजारांवर गेले तर ‘गिगा’, अशी त्यांची प्रतवारी आहे. पहिला गिगा मेळावा २०१४ मध्ये म्युनिकला झाला. मेळाव्यांनी क्लबाची गंगाजळी भरते, नवी माणसे येतात, पण वर्षभराची शक्तीही तिथेच जिरते. संख्येचा मोह डब्यांच्या बाबतीतही नडला आहे. नेव्हाडातल्या एका निर्मनुष्य महामार्गालगत २०१० मध्ये हजारावर डब्यांची रांगच लावण्यात आली. दर १६१ मीटरवर गाडी थांबायची, माणूस उतरायचा, सही करून पुन्हा बसायचा. वर्षभरात राज्याच्या वाहतूक खात्याने सुरक्षिततेचे कारण देऊन सगळे डबे काढायला लावले. ती मालिका पुढे पुन्हा सुरू झाली, पण त्यासाठी वाटाघाटी कराव्या लागल्या.

प्रवेशसुलभता हा त्यामानाने अलीकडे गांभीर्याने घेतलेला विषय. प्रत्येक डब्याला शोधण्याची आणि वाटेची अवघडता एक ते पाच अशी दोन अंकांत दिलेली असते. वाटेचा अंक एक असेल तर चाकाच्या खुर्चीवरून डब्यापर्यंत पोचता आले पाहिजे, असा अर्थ. प्रत्यक्षात सपाट रस्त्यालगतचा डबाही सहा फूट उंचीवर टांगलेला सापडतो. म्हणून काही कार्यकारिण्या खुर्ची वापरणाऱ्या सभासदांनाच बरोबर घेऊन असे डबे तपासायला लागल्या आहेत.

भारतात डबे आहेत, मुंबई-पुण्याकडे आणि गोव्यातही आहेत, पण विरळ. बरेचसे परदेशी प्रवाशांनी किंवा परदेशात हा खेळ शिकून आलेल्यांनी ठेवलेले. महाराष्ट्रात क्लब काढायचा म्हटले तर पहिली गाठ परवानगीशीच पडेल. संरक्षित किल्ला पुरातत्त्व खात्याचा, भोवतालचे रान वनखात्याचे, आणि बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना कळवतात, जे योग्यच आहे. लोणारचे विवर किंवा अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बसाल्टचे खांब अशा जागी डब्याविनाचा, प्रश्नोत्तरांचा प्रकारच शोभेल. खेळायला साधा मोबाइल पुरतो. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे मात्र सरकारी परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाहीत, आणि गोव्याच्या विमानतळांवर परदेशी पर्यटकांना त्यापायी अटकही झाली आहे.

उरतो प्रश्न खुद्द कार्यकारिणीचा. बहुतेक क्लबांत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि विभागांचे प्रतिनिधी एवढी मंडळी असतात. निवडणूक होते, पण पुष्कळदा जितक्या जागा तितकेच उमेदवार. तीच माणसे वर्षानुवर्षे राबतात, थकतात आणि एके दिवशी एकदम सोडून जातात. मग कळते की उद्यान खात्यातल्या अधिकाऱ्याचा फोन नंबर फक्त त्यांच्याकडे होता, करार कधी संपतो हे त्यांनाच ठाऊक होते आणि बँकेच्या खात्यावर सही त्यांचीच चालते. त्यामुळे शहाणे क्लब मुदती आळीपाळीने संपतील अशी रचना करतात. दरवर्षी निम्मेच पदाधिकारी बदलतात, म्हणजे जुन्यांबरोबर नवे तयार होतात. प्रत्येक करारासाठी दोन जबाबदार माणसे नेमली जातात. कागदपत्रे क्लबाच्या सामायिक खात्यात राहतात. जमीनमालकाकडे बदली होऊन नवा अधिकारी आला की दोघांपैकी एकाने महिन्याभरात जाऊन त्याला भेटायचे, ही नोंद कामांच्या यादीत कायमची असते.