डोर्नकलची मंडळी आणि धर्मांतराचा दुसरा दिवस

आपल्याकडे धर्मांतराची चर्चा बहुधा दोनच अंगांनी होते. धर्मांतर का केले, आणि ते खरे की खोटे. पहिल्या प्रश्नावर आपण भाषणे करतो, दुसऱ्यावर आपले विरोधक करतात. तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी गावात काय झाले? सभा संपली, माणसे वस्तीवर परतली, पाटलाचा गडी नेहमीसारखा हाळी द्यायला आला, तेव्हा नवा धर्म कोणाच्या रूपाने त्या वस्तीत उभा होता?

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, त्यामुळे वर्गातल्या काही प्रश्नांपासून मला अंग चोरता येत नाही. नगरकडच्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने एकदा विचारले, "सर, आमच्या पणजोबांनी महारवाड्यात बाप्तिस्मा घेतला. देव बदलून त्यांना काय मिळालं?" मागच्या बाकावरून कोणीतरी "दुधाची भुकटी" असे पुटपुटले आणि वर्ग हसला. हे हसू सवर्णांत आहे तसे आपल्यातही आहे. बौद्ध झालेला माणूस ख्रिस्ती झालेल्याकडे पाहून हसतो तेव्हा तर ते अधिक लागते. या हसण्याला उत्तर द्यायचे तर एखाद्या प्रदेशातली मंडळी प्रत्यक्ष कशी वाढली, कोणी वाढवली, कोणाच्या पैशावर वाढली, हे पाहावे लागेल. त्यासाठी मी डोर्नकलचे उदाहरण घेतो.

डोर्नकल आपल्याला वाटते तितके परके नाही. काझीपेठहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे ठाणे आज तेलंगणात आहे. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्याचे हे पूर्वेकडचे टोक. वेठबिगार तीच, 'वेट्टी' या नावाने. आपल्याकडे महार आणि मांग, तिकडे माला आणि मादिगा. माला गावकीची कामे करणारे, जाडेभरडे कापड विणणारे, दुसऱ्याच्या शेतात राबणारे. मादिगा कातडे कमावणारे आणि गावच्या जत्रेत वाद्य वाजवणारे. दोघेही गावकुसाबाहेर, आणि दोघांच्या वस्त्याही एकमेकींपासून दूर.

या तेलुगू मुलखात धर्मांतराची लाट डोर्नकलच्या आधीच उठली होती. किनाऱ्याकडच्या ओंगोलला जॉन क्लाऊ हे अमेरिकन बाप्तिस्त मिशनरी होते, पण लाट त्यांनी उठवली असे म्हणणे अर्धसत्य आहे. येर्रगुंटल पेरय्या हा मादिगा जातीचा, चामड्याच्या धंद्यातला माणूस 1866 मध्ये ख्रिस्ती झाला आणि आपल्या नात्यागोत्यात तो विचार घेऊन फिरला. पुढे 1876 ते 1878 च्या दुष्काळात क्लाऊंनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचे कंत्राट घेतले आणि मादिगांना काम मिळवून दिले. दुष्काळ चालू असेपर्यंत त्यांनी बाप्तिस्मा देणे थांबवले होते, हे 'भुकटी'वाल्यांनी ध्यानात घ्यावे. नंतर 3 जुलै 1878 या एका दिवशी 2,222 जणांना बाप्तिस्मा दिला गेला.

क्लाऊंच्या अटी तीन होत्या. मेलेल्या जनावराचे मांस खायचे नाही, मूर्तिपूजा करायची नाही, रविवारी काम करायचे नाही. पहिली अट वाचताना मला 1927 चे महाड आठवते. मृतमांस सोडा असे बाबासाहेबांनी तिथे बजावले होते. पण गावमालकांना खरी झोंबली ती तिसरी अट. रविवार हा देवाचा दिवस म्हणून मादिगा शेतावर जाईना, जत्रेत वाद्य वाजवीना. मालकाच्या दृष्टीने हा धर्म नव्हता, संप होता. मारहाण झाली, छळ झाला. आठवड्यातला एक दिवस आपला, एवढे म्हणायलाही वेठबिगाराला देवाची साक्ष काढावी लागली.

या पार्श्वभूमीवर वेदनायगम सॅम्युअल अझराया डोर्नकलला आले. त्यांचा जन्म 1874 चा, तमिळ प्रदेशातल्या तिरुनेलवेली जिल्ह्यात. वडील खेड्यातले अँग्लिकन पाळक, जात नाडार. ताडाच्या झाडावर चढणारी ही जात; तिला देवळांची दारे बंद होती आणि त्रावणकोरात तिच्या बायकांना अंग झाकण्याच्या हक्कासाठी झगडावे लागले होते. अझरायांनी मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण घेतले, पण पदवी पुरी केली नाही. 'वाय.एम.सी.ए.'चे चिटणीस म्हणून ते भरपूर हिंडले. 1902 मध्ये जाफन्याला गेले असता तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या खर्चाने आपले प्रचारक बाहेर पाठवतात हे त्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःची मिशनरी संस्था काढली. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, असा तिचा बाणा होता. या संस्थेने कामाला निवडलेले क्षेत्र म्हणजे डोर्नकल. 1909 मध्ये अझराया प्रतिष्ठेची नोकरी सोडून स्वतःच तिथे गेले. तेव्हा ते पस्तिशीत होते, म्हणजे आज मी आहे त्याच वयात. तेलुगू त्यांनी तिथे शिकून घेतली.

1910 मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना सुनावले, की तुम्ही आमच्यासाठी त्याग केलात हे खरे, पण तुम्ही आम्हांला आपल्या बरोबरीचे मानत नाही. आम्हांला उपकार नकोत, मैत्री हवी. पाहुण्याने यजमानाला असे बोलावे हे पुष्कळांना रुचले नाही. तरी 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्यात त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळीचे हे पहिले भारतीय बिशप. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी त्यांची बाजू लावून धरली म्हणून हे घडले. काळा बिशप गोऱ्यांवर अधिकार कसा गाजवणार, हा आक्षेप होताच. सुरुवातीचा त्यांचा प्रांत छोटा ठेवण्यामागे ही भीतीही होती. 1920 च्या सुमारास तो वाढवला गेला. म्हणून 1941 पर्यंत या धर्मप्रांतात 2 लाखांच्या वर ख्रिस्ती झाले हा आकडा वाचताना जपावे; काही वाढ नकाशाची आहे. पण नकाशा वजा केला तरी जे उरते ते थोडे नव्हे.

मग ही वाढ झाली कशी? माझ्या मते तिचे मर्म गावच्या मास्तरात आहे.

मालपल्लीतली कुटुंबे आपल्या जाणत्या माणसांसह एकत्र ठरवत, की आपण ख्रिस्ती व्हायचे. निर्णय एकट्यादुकट्याचा नसे, वस्तीचा असे. पण लगेच बाप्तिस्मा मिळत नसे. आधी मास्तर यायचा आणि बायकोसह त्याच वस्तीत राहायचा. दिवसा मोठी माणसे शेतात आणि पोरे गुरांमागे, म्हणून शाळा संध्याकाळी, कंदिलाच्या उजेडात. प्रार्थना पाठ करून घ्यायच्या, दहा आज्ञा शिकवायच्या, बायबलातल्या गोष्टी तेलुगू चालींच्या गाण्यांतून सांगायच्या. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही गाणे येते. कित्येक महिन्यांनी परीक्षा आणि मग बाप्तिस्मा. त्यानंतरही मास्तर तिथेच. सावकाराचा कागद वाचून दाखवणारा, सरकारी कचेरीत अर्ज लिहून देणारा, वस्तीच्या बाजूने उभा राहणारा पहिला शिकलेला माणूस तोच. अशा मास्तरांतूनच अझरायांनी पाळक घडवले. इंग्रजी यायला हवी ही अट त्यांनी ठेवली नाही. डोर्नकलच्या पाठशाळेत विद्यार्थी बायकामुलांसह राहत आणि बायकांनाही शिकवले जाई. अझरायांच्या पत्नी अन्बु मरियम्मल स्त्रियांच्या कामात पुढे होत्या. घाण, रोगराई, कर्ज आणि दारू ही खेड्यातली चार भुते आहेत असे अझराया म्हणत, आणि ती काढण्याचे काम ते प्रार्थनेइतकेच महत्त्वाचे मानत. दलिताच्या कर्जाला आणि घाणीला जमीनमालकच कारण आहे हे मात्र त्यांच्या बोलण्यात पुरेसे येत नाही. आपण त्यांना इथे सोडता कामा नये.

दुसरी गोष्ट दानाची. मंडळी परदेशी पैशावर जगू नये, हा त्यांचा ध्यास होता. 1930 च्या दशकाअखेर त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले. मजुरी करणाऱ्या बाईकडे पैसा कुठला? पण रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ ती वेगळ्या गाडग्यात टाकी, आणि ते गाडगे मंडळीकडे जाई. सुगीच्या सणाला कोंबड्या, भोपळे, धान्य यांचा ढीग पडे. माझी आजी भीमजयंतीच्या वर्गणीसाठी डब्यात पैसे साठवायची, तिला या मुठीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. पिढ्यान्‌पिढ्या जिला गावाने मागतकरी ठरवले, ती बाई देणारी झाली. भाकरीच्या तुकड्यासाठी सवर्णाच्या दारात उभे राहणाऱ्याने स्वतःच्या मंडळीच्या मास्तराचा पगार द्यावा, यात किती मोठा पालट आहे हे शहरातल्या टीकाकाराला कळणार नाही.

तिसरी गोष्ट साक्षीची. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला अझराया स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावीत आणि मी हे शुभवर्तमान इतरांना सांगितले नाही तर माझा धिक्कार असो, अशा अर्थाचे पौलाचे वचन म्हणायला लावीत. वर्षातला एक आठवडा साक्षीचा ठरलेला असे. माला आणि मादिगा स्त्रीपुरुष गावोगाव जाऊन बोलत. ज्याची सावली चालत नव्हती त्याचे शब्द रेड्डी आणि कम्मा ऐकू लागले. 1930 च्या दशकात काही शूद्र जातींतले लोकही या मंडळीत आले. दलित वस्तीत झालेला पालट पाहून आम्ही आलो, असे त्यांतले अनेक जण सांगत. धर्म वरून खाली झिरपतो असे आपल्याला शिकवले जाते. इथे तो खालून वर गेला.

वास्कम पिकेट या अमेरिकन मिशनऱ्यांनी भारतातल्या अशा सामुदायिक धर्मांतरांची मोठी पाहणी केली. ती 1933 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचा एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. माणूस कोणत्या हेतूने ख्रिस्ती झाला यापेक्षा नंतर त्याला काय शिकवले गेले, त्याची काय काळजी घेतली गेली, यावर त्याचे पुढचे जीवन अवलंबून होते. बाप्तिस्म्यावेळी हेतू 'शुद्ध' होता की नाही, ही गांधीजींची चिंता होती. 1936 मध्ये जॉन मॉट यांच्याशी बोलताना दलितांच्या समजुतीची तुलना त्यांनी गाईशी केली. अझरायांचा आणि त्यांचा मतभेद इथेच होता. मालपल्लीतला माणूस स्वतः विचार करून ठरवू शकतो, हे अझरायांनी पंचवीस वर्षे डोळ्यांनी पाहिले होते.

आता उणी बाजू. माला आणि मादिगा यांना एका प्याल्यातून प्रभुभोजन देणे सोपे होते, त्यांच्यात सोयरीक घडवणे सोपे नव्हते. एका वस्तीत एक मिशन पोचले की दुसरी वस्ती दुसऱ्या मिशनकडे जाई. तेलुगू प्रदेशात जातीचा आणि मिशनचा नकाशा कित्येक ठिकाणी एकच दिसतो. हे दुखणे मंडळीबाहेरही राहिले. 1994 पासूनचे मादिगा दंडोरा आंदोलन आणि 1 ऑगस्ट 2024 चा उपवर्गीकरणाचा निकाल ही त्याचीच पुढची पाने. महार-मांग प्रश्नावर लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनी ती वाचावीत.

जमिनीच्या प्रश्नाला मंडळीने हात घातला नाही. ख्रिस्ती माला मालकाच्याच शेतात राबत राहिला. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरितांवर जे लिहून ठेवले, आणि जे 1989 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या पाचव्या खंडात आले, त्यात त्यांचा मुख्य आरोप असा, की हा समाज शिकला पण सामाजिक अन्यायाविरुद्ध उठला नाही, आणि जातही सुटली नाही. डोर्नकलला हा आरोप पूर्ण लागू पडत नाही, पण चुकवताही येत नाही. ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत अशी अझरायांची भूमिका होती. मंडळी हा राजकीय गट होऊन बसेल, अशी त्यांना धास्ती होती. तत्त्व म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण तिरुनेलवेलीचा शिकलेला ख्रिस्ती आणि वेट्टी करणारा मालपल्लीतला ख्रिस्ती यांना राजकारणाची गरज सारखी नव्हती.

1 जानेवारी 1945 रोजी अझराया वारले. ज्या मंडळी-ऐक्यासाठी ते 1919 च्या तरंगंबाडी परिषदेपासून झटले, ती दक्षिण भारत मंडळी 27 सप्टेंबर 1947 रोजी स्थापन झाली. उत्तरेत आणि आपल्याकडे असे ऐक्य व्हायला 1970 साल उजाडले. ते नागपुरात झाले. त्यांनी बांधवलेले आणि 1939 मध्ये समर्पित झालेले मंदिर डोर्नकलला आहे: घुमट आणि मिनार मुसलमानी धाटणीचे, खांब देवळाच्या मंडपासारखे.

कायद्याने मात्र वेगळाच हिशेब ठेवला. 1936 च्या आदेशाने भारतीय ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असे ठरले. 1950 च्या आदेशाने हिंदूखेरीज जवळजवळ सर्वांना वगळले. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती दलित घेतला गेला नाही. त्याच्या प्रश्नावर 2022 मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. म्हणून आंध्र-तेलंगणात अशी कुटुंबे आहेत, की ज्यांची चार पिढ्यांची नावे मंडळीच्या बाप्तिस्मा-वहीत आहेत आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू माला' असे लिहिलेले आहे. रविवारी ती गाणी म्हणायला जातात, दाखल्याचे काम असले की गप्प राहतात. नगरच्या त्या विद्यार्थिनीने मला पुढचा प्रश्न याच दाखल्याबद्दल विचारला होता.