वाकत्या काठीवरचं गाणं

उंच काठीच्या टोकावर उभं राहून कोणी गाणं म्हणेल का? आणि काठीही कशी, तर चांगली वाकणारी! ती डावीकडे झुकली की गाणारीही डावीकडे, उजवीकडे झुकली की उजवीकडे. सूर मात्र जागचा हलायचा नाही.

मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केट मिलर-हाइडकी हिने हे खरोखर करून दाखवलं. इस्रायलमधल्या तेल अवीव शहरात, ‘युरोव्हिजन’ गाण्याच्या स्पर्धेत! ही स्पर्धा १९५६ साली सात देशांनी सुरू केली. प्रत्येक देश आपलं एक गाणं पाठवतो आणि कोट्यवधी लोक ते टीव्हीवर बघतात. मत देता येतं, पण आपल्याच देशाला नाही. गाणं तीन मिनिटांत संपवायचं, रंगमंचावर सहाच्या वर माणसं नकोत आणि मुख्य गायकाने तिथेच प्रत्यक्ष गायचं, असे नियम आहेत.

तुम्ही म्हणाल, युरोपच्या स्पर्धेत ऑस्ट्रेलिया कुठून आला? तिथले लोक १९८३ पासून ही स्पर्धा टीव्हीवर बघतात. तेल अवीवमध्ये रात्रीचे दहा वाजतात तेव्हा सिडनीत पहाटेचे पाच वाजलेले असतात, तरी उठून बघतात! म्हणून २०१५ मध्ये, साठाव्या स्पर्धेला, ऑस्ट्रेलियाला पाहुणा म्हणून बोलावलं. पाहुण्याचं गाणं पाचवं आलं आणि मग हा देश दर वर्षी येऊ लागला.

आता केटकडे वळू. चमकता घोळदार झगा, डोक्यावर काटेरी मुकुट आणि मागच्या पडद्यावर अवकाश. दोन कलाकार मागे आपापल्या काठ्यांवर डोलत होते. अशा काठ्यांवरचे खेळ मेलबर्नमधली एक नाटकमंडळी कितीतरी वर्षं करते आहे. त्यांच्या काठ्या साधारण चार-पाच मीटर उंच असतात, म्हणजे दीड मजला! एका गाण्यानंतर दुसरं सुरू व्हायला मिनिटभरही मिळत नाही. तेवढ्यात मदतनीसांना हे सगळं सामान जागेवर आणून पक्कं करायचं होतं.

एवढी वाकून काठी मोडत कशी नाही? ती असते फायबरग्लासची, म्हणजे काचेचे अगदी बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. काठी वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. ताणलेल्या धाग्यांना पुन्हा मूळ लांबीवर यायचं असतं, म्हणून काठी सरळ होते. पण टोकावरचं माणूस तोवर वेगात आलेलं असतं, ते मध्ये थांबत नाही, पलीकडे जातं. झोक्यावर आपण योग्य वेळी अंग झोकून झोका चढवतो ना, तसंच तेही ठरावीक वेळी अंग झुकवून डोलणं वाढवतं किंवा कमी करतं. खालची बैठक जड आणि रुंद असते आणि वरच्या माणसाला पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं असतं, म्हणून पडण्याची भीती नाही.

मला सगळ्यात थक्क करतं ते मात्र तिचं गाणं. आपण कलंडतो तेव्हा पोटाचे आणि पाठीचे स्नायू आवळून तोल सावरतो. गाताना श्वास थोडा थोडा सोडायचं कामही हेच स्नायू करतात! म्हणजे एकाच वेळी त्यांना दोन कामं. त्यातून केट ऑपेरा शिकलेली, त्यामुळे गाण्यात खूप उंच सूर घेते. काठी एका टोकाला पोचून परत फिरते तिथे अंगाला सगळ्यात जास्त ओढ बसते. तिथेही सूर डळमळू द्यायचा नाही, यासाठी किती रियाज लागला असेल!

गाण्याचं नाव होतं ‘झीरो ग्रॅव्हिटी’, म्हणजे शून्य गुरुत्वाकर्षण. बाळ झाल्यावर काही आयांचं मन फार जड होतं, उदास होतं. केटनेही ते सोसलं होतं. ते ओझं उतरल्यावर किती हलकं वाटतं, हे तिला गाण्यातून सांगायचं होतं. गंमत अशी की रंगमंचावर गुरुत्वाकर्षण मुळीच शून्य नव्हतं. काठी झुकली की ते केटला आणखी खाली ओढत होतं, काठी तिला परत वर आणत होती. या ओढाताणीमुळेच डोलणं इतकं संथ दिसतं. अंतराळवीर तरंगतात तिथेही ते असतंच, जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के. अंतराळस्थानक आणि आतली माणसं पृथ्वीभोवती एकत्रच ‘पडत’ फिरतात, म्हणून त्यांना वजन जाणवत नाही.

केटने आपली उपांत्य फेरी जिंकली, अंतिम फेरीत ती नववी आली. माझ्या मते त्या वर्षीचं सर्वांत धाडसी गाणं हेच.

आता तुमची पाळी. प्लॅस्टिकची लांब, लवचीक पट्टी घ्या. एका टोकाला मातीचा गोळा चिकटवा, दुसरं टोक मुठीत घट्ट धरा. गोळा वर ठेवून पट्टी हलकेच हलवा आणि दहा वेळा डोलायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग पट्टी उलटी धरा, गोळा खाली, आणि पुन्हा मोजा. गोळा वर असताना जास्त वेळ लागेल, कारण तेव्हा गुरुत्वाकर्षण पट्टीच्या विरुद्ध ओढतं. गोळा थोडा मोठा करून फरक किती वाढतो तेही बघा आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.