निळ्या दिव्याची तीस वर्षं

आकाशकंदिलातल्या एलईडी दिव्यात इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि प्रकाश बाहेर पडतो. गच्चीवरच्या सोलर पॅनेलमध्ये प्रकाश आत शिरतो आणि इलेक्ट्रॉन वर चढतो. चढउताराची ही उंची प्रत्येक अर्धवाहकात ठरलेली असते. इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेचे दोन पट्टे, खालचा भरलेला, वरचा जवळजवळ रिकामा. मधल्या दरीत कुणालाच थारा नाही.

सिलिकॉनची दरी सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्टची. त्याहून कमी ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सरळ आरपार जातो. जास्त ऊर्जेचा आला, तर वरची शिल्लक उष्णतेत विरते. म्हणून एकाच दरीच्या साध्या सौरघटाला उन्हाचा जेमतेम एक तृतीयांश हिस्सा विजेत बदलता येतो; हे गणित शॉकली आणि क्वाइसर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये मांडलं. त्याआधीचा, 1954 चा, बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेचा सिलिकॉन सौरघट 6 टक्क्यांवर होता.

मग याच सिलिकॉनचा दिवा का होत नाही? मला या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. सिलिकॉनमध्ये वरच्या पट्ट्याचा तळ आणि खालच्या पट्ट्याचा माथा समोरासमोर येत नाहीत; दोन्हीकडच्या इलेक्ट्रॉनांचा संवेग वेगळा. फोटॉनजवळ द्यायला संवेग जवळजवळ नसतोच. तो फरक भरून काढायला स्फटिकाचं कंपन नेमकं त्याच क्षणी हजर हवं, आणि असा योग क्वचित जुळतो. तोवर इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या एखाद्या दोषात अडकून आपली ऊर्जा उष्णता म्हणून गमावून बसतो. प्रकाश शोषतानाही हीच अडचण. म्हणून सिलिकॉनची चकती शंभराहून अधिक मायक्रॉन जाड लागते, तर गॅलियम आर्सेनाइडला काही मायक्रॉन पुरतात. तिथे तळ आणि माथा समोरासमोर असतात.

त्याच गॅलियम आर्सेनाइडमध्ये फॉस्फरस मिसळून निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये लाल दिवा लावला. उजळ निळा यायला तीस वर्षं लागली. गॅलियम नायट्राइडची दरी निळ्या फोटॉनला पुरून उरेल इतकी मोठी, 3.4 इलेक्ट्रॉन व्होल्टची. इंडियम मिसळून ती हवी तेवढी घटवता येते. पण गॅलियम नायट्राइडचा धड स्फटिकच वाढेना. जपानमधल्या नागोयात आकासाकी आणि आमानो या शास्त्रज्ञांनी नीलमाच्या चकतीवर आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला, तेव्हा 1986 मध्ये तो नितळ वाढला. पुढची अडचण मॅग्नेशियमची. ते मिसळूनही खालच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनांना उतरायला रिकाम्या जागा तयार होईनात. इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की मात्र काम होई. का, ते 1992 मध्ये नाकामुरा या जपानी संशोधकांनी उलगडलं: हायड्रोजन मॅग्नेशियमला धरून बसला होता. नुसतं तापवलं तरी तो निघून जातो! पुढच्याच वर्षी उजळ निळा दिवा आला आणि 2014 मध्ये तिघांना नोबेल मिळालं.

गॅलियम नायट्राइडच्या त्या थरात दोष इतके, की तेवढ्या दोषांनी गॅलियम आर्सेनाइडचा दिवा केव्हाच विझला असता. हा तेवत राहिला.

आपले बहुतेक पांढरे दिवेही मुळात निळेच असतात. वरचा फॉस्फर नावाचा लेप त्यातल्या काही निळ्याचं पिवळं करतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. मोबाइलचा फ्लॅश बंद असताना नीट पाहा: तो पिवळा ठिपका दिसेल.